फूटभर घड्याळाचं झाकण

देवशीभाईने आयुष्यभर चौकोन कापले. मोरबीच्या घड्याळ कारखान्यात लंबकाच्या घड्याळांच्या लाकडी पेट्या त्याच्या हाताखालून जायच्या, आणि काटकोन जरा हुकला की मालकाच्या आधी हाच बोंब मारायचा. त्याच कारखान्यात पलीकडच्या बाकावर त्याची बायको मोंघीबेन काटे बसवायची. आधी तासाचा, मग मिनिटाचा, मग सेकंदाचा, तीस वर्षं. आता कारखाना बंद, दोघं घरी, आणि मोंघीबेनचे डोळे गेल्यात जमा. राजकोटचे डॉक्टर म्हणाले, "मोठं, ठळक असेल ते दिसेल थोडंफार."

तेव्हापासून सुरू झालं. "ऐकताय का? किती वाजले?" दिवसातून वीस वेळा! पहिला आठवडा देवशीभाईने प्रेमाने सांगितलं, दुसरा आठवडा नुसतंच, तिसऱ्यात तो खेकसला, "अगं, कुठली गाडी पकडायचीय तुला?"

मोंघीबेनने पदर डोळ्यांना लावला. "या हातांनी लाखो घड्याळं चालू केली. आता वेळसुद्धा दुसऱ्याकडे मागायची. जीव नकोसा होतो मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जाहीर केलं, "तुझं तुला कळेल असं घड्याळ करतो. चांगलं फूटभर."

"पण गोल करा हं," ती म्हणाली. "पेटीत काटा फिरताना बघून तीस वर्षं जीव गुदमरलाय माझा."

झालं! गोल म्हटल्यावर देवशीभाईची पंचाईत. प्लायवुडमध्ये बारा इंचांचं भोक, आणि त्यात नेमकं बसणारं पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण. दुर्लभजीच्या हार्डवेअरच्या दुकानात तो पोचला.

"होल सॉ दे मोठ्यातला मोठा."

"काका, ते पाइपाच्या भोकांचं काम. बारा इंच कुठून आणू? जिगसॉ न्या, विजेवरचं करवतीचं पातं, हवं तसं वळतं."

वळलं खरं. हवं तसं नाही, त्याला वाटेल तसं! लाकडाचा बटाटा झाला. प्लॅस्टिकची तर कमाल. पात्याच्या उष्णतेने ते वितळायचं आणि मागे कापलेलं पुन्हा चिकटून बसायचं. देवशीभाईने ते हत्यार पिशवीत कोंबलं आणि परत नेलं.

मग दुर्लभजीने ड्रिलला लावायचा सर्कल कटर दिला. मधे गिरमिट, बाजूला दांडी, दांडीला पातं. गोल आला, अगदी ताटासारखा! आणि झाकणाच्या बरोबर मध्यावर भोक.

"हे काय?" देवशीभाईने दुकानात झाकण आपटलं. "काट्यांना वारा घालायचाय का मला?"

"काका, मधे टेकू नको का? भोक पडणारच."

"मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं?"

"तुम्ही कुठे विचारलंत?" दुर्लभजी गाठिया खात म्हणाला.

शेवटी आला राउटर, गरगर फिरणाऱ्या पात्याने खाच पाडणारं यंत्र. त्याला पट्टी जोडायची, पट्टीच्या टोकाला खिळा, आणि खिळ्याभोवती यंत्र फिरवायचं. प्लॅस्टिकला भोक नको म्हणून त्यावर दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने प्लायचा तुकडा लावायचा आणि खिळा त्यात ठोकायचा. एवढं सगळं देवशीभाईने या वेळी खोदखोदून विचारलं. लाकडातलं भोक असं उतरलं की तो स्वतःवरच खूश झाला. मग पट्टीवरचा खिळा जराही न सरकवता, त्याच मापावर त्याने झाकण कापलं. एक माप, एक पट्टी, जुळणार नाही तर जाईल कुठे!

झाकण भोकातून आरपार जमिनीवर पडलं.

देवशीभाई मटकन खाली बसला. "गोलाच्या नानाची टांग! माप तेच, यंत्र तेच, आणि अर्धा इंच कमी? चोराने नेला का मधला?"

मोंघीबेन चाचपत आली. झाकणाच्या कडेवरून तिने अंगठा फिरवला, मग भोकाच्या कडेवरून. "गोल सुरेख आलाय हो. पण पात्याने जी खाच पाडली तिला जाडी नाही का? भोक मोजायचं खाचेच्या बाहेरच्या कडेला, झाकण आतल्या. खिळा पात्याच्या जाडीइतका लांब सरकवायला हवा होता."

"इतकं कळतंय तर आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

त्याने कपाळावर हात मारला, खिळा सरकवला आणि प्लॅस्टिकच्या चौथ्या तुकड्यातून झाकण कापलं. या वेळी ते अंगठ्याने दाबताच भोकात टक् करून बसलं. पांढरी तबकडी, बोटाएवढे जाड काळे आकडे. घड्याळ भिंतीवर चढवून देवशीभाई चहाला बसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला चहाची चव लागली.

"ऐकताय का?" खाटेवरून आवाज आला. "किती वाजले?"

"मोंघी!" तो ओरडला. "तीन आठवडे जीव काढला मी! समोर परातीएवढं घड्याळ आहे, बघ ना जरा!"

तिचा चेहरा घड्याळाकडे नव्हता, शेजारच्या खिडकीकडे होता. देवशीभाईच्या हातातला कप तसाच राहिला.

"अजिबात दिसत नाही?"

"उजेड कळतो. पंधरा दिवस झाले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कुठे विचारलंत," ती हळूच म्हणाली. "आणि केवढ्या हौसेने दुकानात पळत होतात."

देवशीभाईने कप खाली ठेवला. मग तीच उठली. "ते खाली घ्या, माझ्या हाताला येईल असं. सेकंदाचा काटा काढा, तो बोटांत येतो. आणि ते झाकण काढा."

"झाकण?" देवशीभाईचा आवाज चिरकला. "अगं, त्या झाकणासाठी तर..."

"काढा म्हणते ना!"

इतकं घट्ट बसलेलं झाकण काढताना त्याची दोन नखं तुटली. मोंघीबेनने घड्याळ टांगायची वरची कडी चाचपली, तिथे बारा. मग तीस वर्षांच्या सवयीच्या हलक्या बोटांनी आखूड काटा शोधला, मग लांब. काट्यांना कळलंसुद्धा नाही.

"सव्वापाच व्हायला दोन मिनिटं."

देवशीभाईने खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि पुन्हा ठेवलं.

ते झाकण आता ताकाच्या पातेल्यावर असतं. नेमकं बसतं. आणि दिवसातून वीस वेळा, काही काम नसताना, देवशीभाई ओसरीवरून हाक मारतो, "मोंघी, किती वाजले गं?"