वारा लागू नये म्हणून

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही. थंडीच्या दिवसांत काचा घट्ट लावलेली एखादी व्हॅन शेजारून गेली, की तेवढे पुरते.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी जवळच्या गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. जिल्ह्यातल्याच गोरेगावहून, माहेरून आणलेली बाळंतीण घराच्या दारात गाडीतून उतरलीच नाही. ती आणि तिची तान्ही मुलगी, दोघीही मागच्या सीटवर मरून पडल्या होत्या. गाडी नवऱ्याची होती आणि तोच चालवत होता. त्याची आई पुढे त्याच्या शेजारी बसली होती. या मायलेकांना काहीही झाले नव्हते.

लग्नाला सात वर्षे झालेली नव्हती, म्हणून नियमाप्रमाणे तहसीलदारांसमोर पंचनामा झाला आणि प्रेते हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात गेली. बाळंतिणीचा बाप तिथे माझी वाट बघत उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हते.

"पोरगी झाली म्हून म्हातारीनं दोघींना संपवलं, सायेब. लिहून घ्या," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत खबरही आली. वाटेत नरसीला गाडी थांबली होती. तिथल्या एका चहावाल्याने म्हातारीला पदराच्या गाठीतली कसली तरी पूड चहात टाकून तो सुनेला नेऊन देताना पाहिले होते. असा साक्षीदार आपल्या पायांनी ठाण्यात आला, की पोलिसाला गुन्हा उघडकीला आल्यासारखाच वाटतो. मी मायलेकांना बोलावून घेतले.

"चहात काय टाकलं?" मी म्हातारीला विचारले.

"सुंठ व्हती, सायेब. बाळंतिणीला दुसरं काय देतेत?"

"तुला नातू पाहिजे होता ना?"

"व्हय, पाहिजे व्हता. बोलले बी म्या. पर बोललं म्हंजी मारलं का?"

विषप्रयोग करणारा माणूस स्वतःविरुद्ध जाणारी गोष्ट अशी बिनदिक्कत कबूल करत नाही. शिवाय एक गोष्ट मला सारखी टोचत होती. तान्हे लेकरू चहा पीत नाही, मग ते कशाने मेले? तिचा मुलगा तर एकच धरून बसला होता. "मायला सोडा सायेब, काय लिहायचं ते माझ्यावर लिहा," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या माणसांनी जप्त केलेली व्हॅन ठाण्यात आणली. मागे आमचे एक हवालदार बसले होते आणि त्यांच्या मांडीवर मुद्देमाल म्हणून माहेरच्या डिंकाच्या लाडवांचा सीलबंद डबा. थंडीमुळे त्यांनी काचा उघडल्या नव्हत्या. गाडीतून उतरताच ते भिंतीला टेकून बसले आणि भडाभडा ओकले. हवालदार खाण्याचे शौकीन आहेत हे सगळ्या ठाण्याला ठाऊक होते, त्यामुळे माझी नजर आधी डब्याकडे गेली.

"आईशप्पत साहेब, डब्याला हात न्हाई लावला. नुसतं डोकं फुटून राहिलं माझं," ते म्हणाले.

सील शाबूत होते. त्याच दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा निरोप आला. दोघींच्या ओठांवर आणि नखांवर गुलाबी छटा होती आणि त्यावरून डॉक्टरांना कोंडलेल्या धुरातल्या विषारी वायूचा संशय होता. पुढे रक्ताच्या अहवालातही तेच आले.

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावले. ते गाडीखाली पाठीवर झोपले आणि त्यांनी बॅटरीच्या उजेडात मला इंजिनाचा धूर बाहेर नेणारी नळी दाखवली. व्हॅन मोठ्या शहरातून जुनी घेतलेली होती. धुरातले विष कमी करणारी पेटी तिथल्या नियमामुळे तिला बसवलेली होती. ती पेटी काढून त्या जागी पत्रा गुंडाळला होता आणि तो सांधा फुटला होता. बरोबर त्याच्या वर, मागच्या सीटखाली, गाडीचा तळ गंजून खुला झाला होता. निरीक्षक म्हणाले, की अमेरिकेत दांडग्या इंजिनांच्या गाड्यांना अशी यंत्रे पहिल्यांदा लागली, तेव्हा तिथल्या शौकिनांनीही गाडीची ताकद जाते म्हणून ती उपटून टाकली होती.

मी मुलाला पेटीबद्दल विचारले. पहिल्यांदाच तो मोकळेपणाने बोलला.

"ती म्या काढली. पेट्रोलमध्ये घासलेट टाकलं की चोंदते, मंग गाडी ओढत न्हाई. समदेच काढतेत, सायेब. फेकली न्हाई म्या, गाडी इकताना परत बसवायची व्हती."

"नरसीला इंजिन बंद केलं होतं?"

"न्हाई. सेल्फ लागत नव्हता, म्हून चालूच ठेवलं. पर सायेब, रोज धा-धा माणसं कोंबून नेतो, कुणाला काई झालं न्हाई. काचा उघड्याच राहतेत. कालच फक्त..."

काय झाले ते त्याला माझ्या आधी कळले होते. त्याने माझे पाय धरले आणि म्हणाला, "मायला काचेचं सांगू नका."

खुनाचा संशय गेला आणि मुलावर हयगयीने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा दाखल झाला. सासऱ्याला हे पटले नाही. चहावाल्याला तर शेवटपर्यंत पटले नाही. खरे सापडले की कुणाचे तरी ओझे उतरते, अशी माझी नोकरीभर समजूत होती. त्या प्रकरणात कुणाचेच उतरले नाही. कुणी खरोखर विष दिले असते, तर मी बेड्या घालून मोकळा झालो असतो आणि त्या बापाला शिव्या द्यायला एक माणूस तरी मिळाला असता. तपास पुरा करणे आपल्या हातात असते, त्यातून दिलासा निघेल की नाही ते नसते, एवढेच मी त्यातून शिकलो.

म्हातारीचा जबाब तिला वाचून दाखवायचा राहिला होता. दोघी गाडीच्या धुराने गेल्या, एवढे तिला कळले होते. लिहिलेला जबाब ज्याचा त्याला वाचून दाखवायचा आणि बरोबर आहे का विचारायचे, ही आमची पद्धत. मुलाची विनंती माझ्या ध्यानात होती, पण तिने सांगितलेले वाक्य गाळण्याचा मला अधिकार नव्हता. मी वाचले: "सुनेला व लेकराला वारा लागू नये म्हणून मी मागच्या काचा लावून घेतल्या, फटींत चिंध्या खोचल्या व पुढच्या सीटमागे चादर बांधली."

"बरोबर आहे का, माय?"

"बराबर हाय," ती म्हणाली. मग तिने दारात उभ्या असलेल्या व्हॅनकडे बघितले.

"सायेब, म्हंजी वारा लागला असता तर वाचल्या असत्या का वो?"