मातीचं विरजण

आई गुरुवारी गेली. अजूनही विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली, की त्या वासासरशी मला तिचा अकरावा दिवस आठवतो. किहीमच्या आमच्या घरामागे, माडांच्या सावलीत, आईचं निळं पिंप असे. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती कालवून ती त्यात जीवामृत करी. झाडांना घालताना तांब्याभर मागे ठेवी आणि नव्या पाण्यात मिसळी. त्याला ती मातीचं विरजण म्हणे. मातीतले उपकारक जीवाणू तिने असे सात वर्षं जगवले होते. त्या सकाळी मी परसात गेले, तर आत्या पिंपावर विहिरीच्या पावडरचं पाकीट झटकत होती. "अख्खं ओतलं. उद्या बाराव्याला माणसं येतील, ती काय ही घाण हुंगत जेवतील?" "आत्या, ते जिवंत होतं." "शेणाचं पाणी गो ते! आणि आई जिवंत होती तेव्हा तू कुठे होतीस? पुण्यात पुस्तकं वाचत?" पिंपावर पांढरा फेस आला होता, गुळाचा आंबूस वास पार गेला होता. मी म्हटलं, "उद्याची जेवणं झाली की या घरातून जा. परत येऊ नकोस." ती गेली, परत आली नाही. आईने जास्वंदीच्या बुंध्याशी शेवटचं ओतलं होतं. तिथली मूठभर माती घेऊन विरजण पुन्हा लावता आलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी ते लावलं नाही. बागेला आता नुसतं पाणी जातं, आणि आत्याचं नि माझं बोलणं नाही.