पडद्याची मागची बाजू

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. पन्नाशी कधीच उलटली. आता सांगतो.

माझा वर्गमित्र शिरीष, त्याच्या वडिलांनी माझ्या बहिणीची वेणी धरली होती. तिला ओढत माझ्यासमोर आणलं आणि विचारलं, "ही म्हणते तू हिचा भाऊ. ओळखतोस हिला?"

मी म्हणालो, "नाही."

भांडुपजवळची आमची रेल्वे कॉलनी. पुढे साहेबांचे बंगले, मग बाबू लोकांच्या दुमजली चाळी, मग मैदान. मैदानापलीकडे गटाराला लागून मागची लाइन. गँगमन, सफाईवाले. एक खोली, एक मोरी, बारा घरांत एक नळ. जात कुणी उच्चारायचं नाही. 'मागच्या लाइनची पोरं' म्हटलं की काम भागायचं. माझे बाबा गँगमन. रुळांखालची खडी ठोकून हात असे झालेले, की भाकरी मोडताना बोटं दुमडायची नाहीत.

महिन्यातून एका शनिवारी मैदानात सिनेमा असायचा. तो इन्स्टिट्यूटचा, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबचा. शिरीषचे वडील त्याचे सेक्रेटरी, एरवी बुकिंग ऑफिसात. दोन बांबू, मध्ये पांढरा पडदा. बांबूंचे खड्डे बाबाच खणायचे. पडद्यापुढे साहेबांना खुर्च्या, बाबूंना सतरंज्या. आम्ही पडद्याच्या मागे, मातीत. मागूनही चित्र दिसतं. फक्त उलटं दिसतं. नावं वाचता येत नाहीत आणि उजवा हात डावा होतो.

हे आम्हाला माहीतच नव्हतं. आम्ही दुसरी बाजू कधी पाहिलीच नव्हती.

कुसुमताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. डावखुरी. डाव्या हातानं जेवते म्हणून आईचा मार, डाव्या हातानं लिहिते म्हणून बाईंची पट्टी. पण त्या शनिवारी ती ताठ बसायची. हिरोनं डाव्या हातानं ठोसा हाणला की मला कोपरानं ढोसायची. "बघितलंस? माझ्यासारखाच आहे. बाईंना म्हणावं, त्याला मारा ना पट्टी!"

शिरीष माझ्या वर्गात. त्याची गणितं मी सोडवायचो. त्या बदल्यात एकदा त्यानं मला पुढे सतरंजीवर नेलं. "बस. पण मागच्या लाइनचा आहेस म्हणून बोलू नको."

मी बसलो. हिरोनं मूठ उगारली. उजवी.

घरी येऊन ताईला सांगितलं. म्हणाली, "चल, फेकू नको."

"आईशप्पथ. आपल्याला उलटं दिसतं गं."

तिनं आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "मी स्वतः बघणार."

पुढच्या खेळाला ती बांबूला वळसा घालून आली. कुणाचं काही मागत नव्हती. सतरंजीच्या कडेला उभी राहून पडद्याकडे बघत होती. शिरीषच्या वडिलांनी पाहिलं. "ए, कुठे घुसतेस? तुमची जागा मागे."

"माझा भाऊ बसलाय तिथे," ताई म्हणाली.

मग ती वेणी. मग तो प्रश्न. मग माझं 'नाही'.

"खोटारडी," म्हणून त्यांनी तिच्या कानशिलात मारली. खुर्चीवरून कुणीतरी ओरडलं, "अहो, बाजूला व्हा ना, पिक्चर बघू द्या." लोक हसले. ताई निघून गेली. मी पिक्चर शेवटपर्यंत बघितला. हेही लिहायलाच हवं. शेवटपर्यंत.

तिनं घरी सांगितलं, "पडले." मला एवढंच म्हणाली, "तू खरं बोलत होतास. उजव्या हाताचाच आहे."

त्या दिवसापासून ती उजव्या हातानं जेवायला लागली. सिनेमाला पुन्हा आली नाही.

मी शिकलो. रेल्वेतच चिकटलो, टेबलामागे. बाबू झालो. ताई शाळेत शिपाई होती, आता दिंडोशीला मुलाकडे असते. आम्ही भेटतो, जेवतो, हसतो. तो विषय तिनं कधी काढला नाही. मी तर नाहीच नाही.

आता कॉलनी पाडणार आहेत. शिरीषनं सगळ्यांचं स्नेहसंमेलन ठरवलं, स्मरणिका काढायची म्हणाला. "कॉलनीचा इतिहास तूच लिही लेका, तुझी भाषा झकास आहे."

मी लिहिला. यार्ड, वाफेची इंजिनं, गणपती, नाटकं. आणि हे वाक्य: 'पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसून अख्खी कॉलनी एका कुटुंबासारखी सिनेमा पाहायची.' माझ्या हातानं. कुणी वेणी धरली नव्हती माझी.

शिरीषला ते वाक्य भारी आवडलं. मी मूर्खासारखा तो लेख ताईला फोनवर वाचून दाखवला. तिनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "दोन्ही बाजूंना? साहेबाची पोरं कधी मागे मातीत येऊन बसली रे?"

फोन ठेवला तरी कान जळत होता.

दुसऱ्या दिवशी शिरीषचा फोन. "तुझ्या बहिणीला आण की जेवायला. फक्त त्या मागच्या लाइनवाल्यांना स्टेजवर नको यार. काहीतरी जुनं उकरत बसतात, मूड जातो."

"मीही मागच्या लाइनचाच आहे."

"हो रे, पण तू आपल्यातला."

त्या 'आपल्यातला'साठी मी किती वर्षं पाठ वाकवली! अंगावर शहारा आला. किळसेचा.

"शिरीष, मी तुमच्यातला नाही. माझा लेख काढून टाक. दुसरा देतो, तो छाप."

"काय आहे त्यात?"

"तुझ्या वडिलांनी माझ्या बहिणीला मारलं, ते."

"वेडा झालास का? गेलेल्या माणसाबद्दल..."

"मार खाल्लेली माणसं अजून जिवंत आहेत."

त्यानं फोन कापला. छापणार नाही, माहीत आहे. म्हणून इथे लिहिलं. संमेलनाला मी जाणार. त्याच मैदानात, त्यांच्याच माइकवर हे वाचणार. माइक बंद केला तर ओरडून वाचणार. कुटुंब म्हणे! ज्या कुटुंबात खड्डे खणणाऱ्याला उलटं चित्र मिळतं, ते पडतंय तर पडू दे. मी एक अश्रू गाळणार नाही.

पण त्याआधी दिंडोशीला जायचंय. ताईला हे अजून वाचून दाखवलेलं नाही. तिच्या देखत मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर, "हो, ही माझी बहीण आहे," मी तिला अजून देणं लागतो.