शंभरचा हब आणि सासऱ्यांची खुर्ची

आमच्या घरात इंटरनेट यायच्या आड फक्त एकच गोष्ट होती, सासऱ्यांची आरामखुर्ची. सायबर कॅफेसाठी त्यांनी रस्त्याकडची खोली दिली खरी, पण अट घालून. उद्‌घाटनाला पाचही मशीन एकदम चालली पाहिजेत, नाहीतर खोली परत. तोवर खुर्ची तिथून हलणार नाही आणि तेही हलणार नाहीत. निवृत्त हेडमास्तर, शब्दाचे पक्के. त्या खोलीच्या भरवशावर मी चांगली नोकरी सोडून बसले होते.

तीन मशीन जुनी, एका बंद पडलेल्या ऑफिसातून उचललेली. त्यांच्या नेटवर्क कार्डांना दहा मेगाबिटचाच वेग ठाऊक. दोन नवी होती, त्यांना दहाही चाले नि शंभरही. सगळ्यांच्या वायरी ज्या डबीत येतात तो हब मात्र आमच्या ह्यांनी थाटात नुसता शंभरचा आणला. "दहाचा जमाना गेला," म्हणे. हार्डवेअरचा कोर्स मी केलेला, पण खरेदी पुरुषांनी करायची असते ना.

उद्‌घाटन संध्याकाळी होतं. सकाळी वायरी जोडल्या. नवी दोन सुरू झाली, जुनी तिन्ही ढिम्म; शंभरच्या हबशी दहाच्या कार्डांचं जुळेचना.

"तीन नापास," खुर्चीतून निकाल आला.

माझं डोकंच फिरलं. हब पिशवीत कोंबला नि तडक बुधवार पेठेतलं कॉम्प्युटरचं दुकान गाठलं.

"दहाचा आहे, पण हल्ली कोणी नेत नाही," दुकानदार म्हणाला.

"मी सल्ला मागितला का?" म्हटलं, आणि बदलून आणला.

जोडला. आता जुनी तिन्ही चालू आणि नवी दोन आडवी.

"दोनच नापास. प्रगती आहे," सासरे म्हणाले.

बघते तर ह्यांनी नव्या कार्डांचा वेग शंभरावरच बांधून ठेवलेला, चुकूनही खाली उतरू नये म्हणून.

"अहो, हे काय केलंत?"

"शंभरची मशीन दहावर चालवायची? लोक काय म्हणतील?"

"आपलं नेट टेलिफोनच्या वायरीतून येतंय. ते दहाच्याही पासंगाला पुरत नाही. लोकांना काय डोंबल कळणार?"

मी सेटिंग मोकळं सोडलं. हबवरचे पाचही दिवे लागले आणि मला चक्क रडू आलं.

सासरे उठले. पेपर तपासावेत तसे एकेका पडद्यापाशी थांबत पाचही मशीन बघून आले. मग ह्यांना म्हणाले, "यापुढे खरेदीला हिला पाठवत जा. आणि ही खुर्ची माडीवर ने, गिऱ्हाइकं अडखळतील."