लिहिलंय तेवढंच

"मास्तर, लिहिलंय तेवढंच वाचा!" बाईंचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते भरल्या थिएटरात, अंधारात, बायकांच्या बाजूनं.

तुम्ही बोलपटाच्या काळातली माणसं, म्हणून सांगतो. मूकपटात मधूनमधून मजकुराच्या पाट्या यायच्या. सोलापुरातल्या आमच्या बहुतेक प्रेक्षकांना वाचता येत नसे. त्या मोठ्यानं वाचायच्या, ही माझी नोकरी; म्हणून मला सगळे मास्तर म्हणत. त्यात मी पदरचं तिखटमीठ घालायचो, लोक शिट्ट्या मारायचे आणि मालक खूश व्हायचा.

बाई साखर पेठेत मुलींची खासगी शाळा चालवीत. दोन खोल्या, एक फळा, मुली बहुतेक विणकरांच्या. स्वभाव महासंशयी. इन्स्पेक्टरनं चांगला शेरा दिला, तरी "याला काय हवंय?" म्हणायच्या. सिनेमावर तर दातच होता. "सिनेमातल्या शाळेत झोपाळा असतो, देखणा मास्तर असतो. हजेरी कुठाय?" खरंच होतं ते. पडद्यावरच्या शाळेत कुणी हजेरी घेताना मीही पाहिलं नव्हतं.

एका चित्रात पाटी आली, 'मुलींची खासगी शाळा'. मी पुढं जोडलं, "आत काय शिकवतात, देवालाच ठाऊक!" लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं.

आठवड्यात बाईंच्या सात मुली घरी बसल्या. एक बाप म्हणाला, "सिनेमात लिवलंय की, बाई. आमी ऐकलंय."

म्हणून बाई स्वतः येऊन बसल्या आणि मला भर खेळात पकडलं. दुसऱ्या दिवशी त्या सातही मुलींना त्यांच्या आयांसकट घेऊन आल्या. ती पाटी आली. मी तोंड उघडण्याआधीच पाढे म्हणावेत तसे सात आवाज आले, "मुलींची खासगी शाळा."

"फुडं?" एका आईनं विचारलं.

"फुडं काय न्हाय. एवढंच हाय," तिची लेक म्हणाली.

ती आई लेकीकडं वळून म्हणाली, "तुला वाचता येतंय व्हय गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच मुली परत आल्या. दोघी आल्या नाहीत. त्या दोघींची नावं बाई रोज हजेरीत पुकारत आणि क्षणभर थांबत. मी माफी मागायला गेलो तेव्हाही पुकारली. "आता लिहिलंय तेवढंच वाचतो," मी म्हणालो. "बघू," बाई म्हणाल्या. पुढं प्रत्येक नव्या चित्राच्या पहिल्या खेळाला त्या हजर असत.

बोलपट आले, माझी नोकरी गेली. त्याच साली बाईही गेल्या. परवा एका बोलपटात खासगी शाळा होती. झोपाळा, देखणा मास्तर, सगळं तेच. शाळेतल्या मुलींवर कुणीतरी वाईट विनोद केला आणि सगळे हसले. सवयीनं मी बायकांच्या बाजूला पाहिलं. तिकडून काहीच आलं नाही.

"हजेरी कुठाय?" मी मोठ्यानं म्हणालो.

शेजारचा म्हणाला, "गप बसा की ओ. ऐकू द्या."