आबांची अर्धी राहिलेली मॅच

सावंत ड्रायव्हर सुट्टीवरून परत आला की आमच्या खोलीत आधी त्याची बॅग उघडली जाते आणि मग त्याला पाणी विचारलं जातं. या वेळी त्याने बॅग स्वतःच उघडली. कोकमाची पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, आबांच्या घरून वहिनींनी दिलीय. मी पिशवीचा वास घेतला आणि विचारलं, आबा कधी येतायत, तिकीट काढलं का? सावंत खाली वाकून बूट काढत होता. एकाच बुटाची लेस तो बराच वेळ सोडत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "आबा गेले रे. तेरावा पन झालो." खोलीतला एसी जोरात चालू होता, म्हणून मला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. नीटच ऐकलं होतं. मी विचारलं, कधी? त्याने तारीख सांगितली. मी मनातल्या मनात मागे मोजायला लागलो... का, ते पुढे सांगतो.

आबा धुरी मालवणजवळच्या किनाऱ्यावरचे, रापणीचं जाळं ओढणाऱ्यांच्या घरातले. मी साताऱ्याकडचा, पाटण तालुक्यातला, आठवीत शाळा सोडलेला. आमची गाठ पडली ती बहारीनमध्ये, जुफेरच्या बाजूला अमेरिकन लोकांचा एक क्लब होता त्याच्या स्वयंपाकघरात. आबा तिथले मुख्य कुक, आणि मी अठ्ठ्याहत्तर साली आलो तो भांडी घासायला. ऑफिसातून कुणी नुसती हाक मारली तरी मला वाटायचं, झालं, आता परत पाठवतात. एकच गोष्ट मी दोनदा विचारायचो. व्हिसा कधी संपतो, सुट्टीवर गेलो तर जागा राहते का, साहेब आज बोलला नाही म्हणजे रागावलाय का. बाकीचे वैतागायचे. आबा दुसऱ्या वेळीही पहिल्यासारखंच उत्तर द्यायचे. एवढं तरी मी इथे लिहून ठेवलंच पाहिजे.

दर शुक्रवारी दुपारचं जेवण आटोपलं की क्लबच्या मोठ्या खोलीत फुटबॉल दाखवत. हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नव्हे. चेंडू नारळासारखा लांबट, आणि तो हातात घेऊन पळायचं. दोन्हीकडे रेड्यांसारखी माणसं समोरासमोर वाकून उभी. त्यांच्या मागे एक जण असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. सगळा खेळ त्याच्या हातात. पुढचा माणूस त्याला चेंडू देतो आणि मग त्याच्याकडे दोन-तीन श्वासांएवढा वेळ असतो. तेवढ्यात आपला कोणता गडी कुठे पळतोय ते बघून चेंडू बरोबर त्याच्या हातात फेकायचा. नाहीतर समोरची माणसं त्याच्या पुढच्या गड्यांची फळी फोडून येतात आणि त्याला जमिनीत गाडतात. आम्ही हे सगळं स्वयंपाकघरातून जेवण द्यायची जी खिडकी होती तिच्यातून बघायचो. आबा कांद्याच्या रिकाम्या पेटीवर बसत, मी त्यांच्या मागे ओल्या हातांनी उभा.

सुरुवातीला फिल्मची रिळं यायची, काळीपांढरी, भिंतीवर दाखवायची. त्यांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एक क्वार्टरबॅक होता. क्लबचा मॅनेजर हॅरी साहेब त्याच्यावर जीव टाकायचा. आबांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'म्हातारो'. पुढे व्हिडिओ आला, रंगीत टेप यायला लागल्या, आणि त्यांच्याबरोबर एक तरणा, सडपातळ गडी आला. तो 'पोरगो'. त्यांची खरी नावं आम्हाला धड म्हणता येत नसत. वादाला मात्र त्यामुळे काही अडलं नाही. हॅरी साहेब म्हणायचा, म्हाताऱ्यासारखा पुन्हा होणे नाही. क्लबातले तरुण म्हणायचे, म्हातारा आज खेळला असता तर दहा मिनिटांत स्ट्रेचरवर गेला असता. मी पोरग्याच्या बाजूचा. चेंडू असा अलगद टाकायचा की पळणाऱ्याला मान वळवून वर बघावं लागत नसे, चेंडूच येऊन त्याच्या ओंजळीत बसायचा. आबा कुठल्याच बाजूला जात नसत.

एकदा हॅरी साहेबाने त्यांना खिडकीतून सरळ विचारलं, कुक, तू सांग, ग्रेटेस्ट कोण? आबांचं इंग्लिश स्वयंपाकघरातलं. ते म्हणाले, "साब, सी नॉट सेम." साहेबाला कळेना समुद्र कुठून आला. मग आबांनी हातवारे करत समजावलं. म्हाताऱ्याच्या वेळी त्याला कसंही मारलेलं चालत असे. चेंडू झेलायला पळणाऱ्या गड्यालाही वाटेत धरत, ढकलत, पंच बघत राहायचा. आता तसं केलं की शिट्टी वाजते. पण आता समोरून येणारी माणसं दुप्पट जड आणि दुप्पट वेगाची. मग तुलना कशी करायची? साहेब हसला, म्हणाला, तू टाळतोयस, एक नाव घे. आबा म्हणाले, साब, ग्रेव्ही बर्निंग, आणि खिडकीतून नाहीसे झाले. ग्रेव्ही मी कधीच उतरवून ठेवली होती.

मी मागे लागायचो. आबा, पण खरं सांगा, मोठा कोण? तेव्हा ते घरची गोष्ट सांगायचे. त्यांचे वडील शिडाच्या होडीवर तांडेल होते, होडी त्यांच्या शब्दावर चालायची. धाकटा भाऊ आता इंजिनाच्या होडीवर तांडेल. "बापाशीक वारो वळखूचो लागे, भावाक डिझेल लागता. भाव बापाशीच्या दुप्पट लांब जाता. म्हणान तो बापाशीपरीस मोठो काय? आणि बापूस ह्या इंजिनार बसलो असतो तर तेका काय समाजला असता?" मग म्हणायचे, "मी एकच बघतंय झिला. फळी फुटली. आता आपण पडतलो ह्या तेका म्हाईत आसा. तेवा तो सोताक सांबाळता, की बॉल खंय पोचवता, ता बघ." त्यांच्या मते त्या दोघांतही हे होतं. मला ते उत्तर पुरेसं वाटत नसे. मला कुणीतरी एक नंबर आणि कुणीतरी दोन नंबर हवा असायचा.

या टेप अमेरिकेतून डाकेने येत. तिथे मॅच होऊन गेल्यावर साधारण तीन आठवड्यांनी. क्लबातल्या काहींना निकाल रेडिओवर आधीच कळलेला असे, पण एक नियम होता, निकाल सांगायचा नाही. जो सांगेल त्याला शुक्रवारी आबांच्या हातचं जेवण नाही. एकाने एकदा सांगितलं होतं, तर आबांनी त्याच्यापुढे खरोखर उकडलेला बटाटा ठेवला, मीठसुद्धा न घालता.

मला हे तीन आठवड्यांचं प्रकरण टेपच्या पहिल्या हंगामात ठाऊक नव्हतं. पोरग्याची मोठी मॅच होती, तो हरत आला होता. मी डोळे मिटून आमच्या गावच्या भैरोबाला नारळ बोललो. पोरगा जिंकला. आनंदात मी आबांना सांगून टाकलं. आबा पेटीवरून पडायचे बाकी राहिले. मग दोन दिवस स्वयंपाकघरात तोच विषय. "इकडे येवा, ह्येका बघा! मॅच संपान तीन आठवडे झाले, आणि हो आज देवाक सांगता!" भांडी घासणारा बंगाली, भाजी आणणारा केरळी, सगळे मला भैरोबा म्हणून हाक मारायला लागले. मी पार मेल्यासारखा झालो होतो. संध्याकाळी भात वाढताना आबा हळूच म्हणाले, "हसलंय खरो. पन मी तरी काय करतंय? संपली ता माका म्हाईत आसता. तरी मुठी आवळूनच बसतंय मां?"

गेल्या वर्षी ते बारीक व्हायला लागले. विचारलं की पित्त म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत सावंतच्या गाडीतून दवाखान्यात जाऊन आले. काय म्हणाले डॉक्टर, विचारलं, तर म्हणाले, मसाला कमी खायला सांगितलाय, आता कुकाने मसाला कमी खायचा म्हणजे पोलिसाने शिट्टी न वाजवण्यासारखं झालं. आम्ही हसलो. मग ते मला मोठ्या शेगडीपुढे उभं करायला लागले. आज ग्रेव्ही तू कर. आज रोस्ट तू काढ. स्वतः पेटीवर बसून नुसतं बघायचे. साहेबाच्या जेवणात काही बिघडलं तर मला घरी पाठवतील, ही धास्ती. मनात असंही यायचं की आबांना आता कामाचा कंटाळा आलाय. एक दिवस ऑफिसातून बोलावणं आलं. गेलो, तर माझा व्हिसा कुकचा झाला होता. आबा हॅरी साहेबाच्या मागे कधीपासून लागले होते, मला पत्ताही नव्हता. मी परत येऊन म्हटलं, आबा, कशाला? तुम्ही आहात ना. ते कांदा चिरत होते. म्हणाले, "आसंयच. पन दुसरो हात तयार असललो बरो."

तेव्हाही मला काही कळलं नाही.

फेब्रुवारीत ते सुट्टीवर निघाले. शुक्रवारच होता. हंगामातली मोठी मॅच आली होती, पोरग्याची. विमानाला वेळ होता म्हणून आबा बाहेरचे कपडे घालून, बॅग पायाशी घेऊन पेटीवर बसले. मध्यांतर झालं, पुढचा खेळ सुरू झाला, आणि बाहेर सावंतने हॉर्न वाजवला. पडद्यावर फळी फुटली होती. पोरगा मागे मागे सरकत होता. आबा उठले आणि हॅरी साहेबाला म्हणाले, साब, स्टॉप. साहेबाने थांबवलं. एवढ्या लोकांची मॅच, पण कुणी कुरकुर केली नाही. आबा मला म्हणाले, "उरलेली मी इल्यार बघूया. तवसर तू बघू नको. आणि कोणाक सांगूक देव नको." बाकीच्यांनी नंतर ती पुरी बघितली. मी तेव्हा बाहेर जाऊन उभा राहिलो. साहेबाने टेप पुन्हा त्याच जागी आणून माझ्याकडे दिली.

एप्रिलच्या शेवटी वहिनींचं पत्र आलं, की आबांना गोव्याला हॉस्पिटलात नेलंय, काळजी करू नका. मी सुट्टी मागायला ऑफिसात गेलो. माझा पासपोर्ट ऑफिसच्या ताब्यात, सुट्टी दोन वर्षांनी, आणि कुक नुकताच झालेलो. बाबू चांगला होता बिचारा, त्याने विचारलं, तुझा कोण लागतो? काय सांगणार... भाऊ नाही, मामा नाही, गावसुद्धा एक नाही. मी म्हटलं, आबा आहेत. त्याने मान हलवली, म्हणाला, इंशाल्ला बरे होतील. खोलीवर येऊन मी लोखंडी कपाट उघडलं. आत दाराला भैरोबाचा फोटो चिकटवलाय. आबांना बरं कर, पाच नारळ वाहीन, गावाच्या वेशीपासून देवळापर्यंत लोटांगण घालीन, असा नवस बोललो. पुढे रोज सकाळी ड्युटीवर जाताना आठवण करून देत राहिलो.

सावंतने तारीख सांगितली तेव्हा मी हेच मोजत होतो. मी नवस बोललो त्याच्या आदल्या आठवड्यातच आबा गेले होते. पत्र डाकेत होतं, तेव्हा तिकडे सगळं आटोपलेलं होतं. मी मुठी आवळून बसलो होतो ते संपलेल्या मॅचसाठी... या वेळी हसायला आबा नव्हते. सावंतला मी हे सांगितलं. त्याने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मला आधी कळवून उपयोग तरी काय होता? आधी कळलं असतं तरी मी इथेच असतो, या शेगडीपुढे, हातात झारा घेऊन. भैरोबाला आता काय बोलायचं तेही कळत नाही. बोललेला नवस परत घेता येतो का, कुणाला विचारू?

क्लबात कळलं तेव्हा हॅरी साहेब खिडकीशी आला. मग म्हणाला, ती टेप तू ठेव, परत मागणार नाही. आणि म्हाताऱ्याबद्दल काहीतरी बोलायला लागला, पण मधेच थांबला.

कांद्याची पेटी मी कुणाला हलवू देत नाही. शुक्रवारी सगळे गेले की मी टेप लावतो. ती गेल्या वेळी जिथे थांबली होती तिथूनच सुरू होते. फळी फुटलेली, पोरगा मागे सरकतोय, दोन धिप्पाड माणसं त्याच्यावर येतायत. मी पॉजचं बटण दाबतो. तो तसाच थरथरत उभा राहतो. पण हे मशीन कुणाला फार वेळ धरून ठेवत नाही. टेप झिजू नये म्हणून ते थोड्या वेळाने आपोआप बंद पडतं, पडदा कोरा होतो. मी पुन्हा सुरू करतो, पुन्हा दाबतो. कितीही चटकन दाबलं तरी दर वेळी तो पोरगा किंचित पुढे गेलेला असतो. क्लबात सगळ्यांना निकाल ठाऊक आहे. अजून कुणी सांगितलेला नाही. मागच्या शुक्रवारी दोघांनी त्याला जवळजवळ धरलं होतं, आणि त्याचा हात वर गेला होता. चेंडू अजून हातातच आहे.