ब्रेकच्या दिवसाची नोंद

बायको गेली त्याला आता वर्ष होईल. कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटाच असतो. सोसायटीतले लोक विचारतात, "काका, जेवलात का?" जेवलो म्हणतो. जेवलेलोच असतो.

दोन महिन्यांपूर्वी एक मॅडम घरी आल्या. मी ज्या सरकारी कॉलेजात शिपाई होतो, तिथं त्या इतिहास शिकवतात. कॉलेजचा इतिहास छापायचा होता, आणि सुरुवातीपासूनचा माणूस म्हणून त्यांना मीच सापडलो. सरकारी कॉलेजात प्राध्यापक बदलून जातात. शिपाई तिथंच राहतो.

"काका, पहिल्यापासून सांगा."

सांगितलं. सरकारनं कॉलेज मंजूर केलं, इमारत मंजूर करायची राहिली. मग शाळेच्या दोन खोल्या मागून घेतल्या. सकाळी बारकी पोरं, दुपारी कॉलेज. बाकं त्या बारक्यांचीच. बी.ए.ची पोरं गुडघे बाहेर काढून बसायची. पूर्ण प्राचार्य कधी मिळालाच नाही म्हणा. जो सिनियर असेल त्याला प्रभारी करायचं आणि मंत्रालयात फाईल पाठवायची. फाईल घेऊन मीच जायचो, तिथल्या बाकावर दिवस काढायचो. प्राचार्यांच्या नावांचा लाकडी फळा केला, त्यावर जवळपास प्रत्येक नावामागं 'प्रभारी'. पेंटर म्हणाला, "एवढे भाऊबंद एकाच कॉलेजात कसे लागले?"

मॅडम हसल्या. लिहून घेतलं.

मी म्हटलं, "लायब्ररी माझ्या बायकोनं उभी केली. तेही लिहा."

"काकू कुठल्या पदावर होत्या?"

"पद कसलं? रोजंदारीवर होती."

मला त्या पुस्तकात तिचं नाव हवं होतं. माझं आलं नसतं तरी चाललं असतं.

लायब्ररीत मदतनिसाचं पद मंजूर नव्हतं. ग्रंथपाल एक, तोही दोन कॉलेजं सांभाळणारा. माझी बायको सातवी पास. मी पाचवीत दोनदा बसून सोडून दिलेला. तिचं अक्षर मोत्यासारखं वगैरे नव्हतं, पण स्वच्छ होतं, आणि ओळ सोडून जायचं नाही. आलेलं प्रत्येक पुस्तक मोठ्या नोंदवहीत चढवावं लागतं. तारीख, नंबर, पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत. ते सगळं ती लिहायची. ग्रंथपाल आठवड्यातून दोनदा येऊन सह्या करायचा.

रोजंदारीच्या माणसाला एकोणतीस दिवस भरले की एक दिवस ब्रेक. सलग काम झालं तर माणूस कायम करा म्हणून कोर्टात जाईल, ही वरच्यांना भीती. ब्रेकच्या दिवशी हजेरीपटात नावापुढं लाल रेघ मारायची. हेडक्लार्कचा हात कापायचा, रेघ वाकडी जायची. म्हणून पट्टी माझ्या हातात. बायकोच्या नावापुढची लाल रेघ दर महिन्याला मी मारली. सरळ मारली.

आणि ती त्या दिवशीही कामावर यायची.

मी ओरडायचो, "फुकट कशाला राबतेस? येडी हायस का?"

"गठ्ठे पडलेत जमिनीवर. वाळवी लागंल. कोन लिवनार ते?"

"सरकार लिवंल."

"तुमी तुमची रेघ मारा ना. मी काय हात धरलाय तुमचा?"

असं पुष्कळ वर्षं चाललं. मग पद मंजूर झालं. वर्तमानपत्रात जाहिरात आली. तिचं वय उलटून गेलेलं. दुसरा कोणी लागला. ती घरी बसली, तेव्हा एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मॅडम म्हणाल्या, "काका, कागद लागेल. प्राचार्य सर कागदाशिवाय कोणाचं नाव घालणार नाहीत."

मग त्यांच्याबरोबर कॉलेजात गेलो. आता तीन मजली इमारत आहे, लिफ्टही आहे, ती बंद. रोजंदारीचे जुने हजेरीपट तळाच्या खोलीत पोत्यात होते. कोपरे कुरतडलेले, पण वाचता येत होते. प्राचार्यांनी पानं उलटली. हेही प्रभारीच.

"दर महिन्याला ब्रेक दिसतोय, काका. म्हणजे अधूनमधून मदतीला येत असतील. अशा किती बायका असतील. सगळ्यांची नावं कुठं घालायची?"

मी मॅडमना म्हटलं, लायब्ररीची जुनी नोंदवही बघू. लायब्ररीत सगळं कॉम्प्युटरवर चढलंय. जुन्या वह्या रद्दीत काढायला दोरीनं बांधून ठेवल्या होत्या. दोरी सोडली. पहिल्याच पानावर तिचं अक्षर. सातचा आकडा ती डोक्यावर बारीक शेंडी दिल्यासारखा काढायची. घरातल्या दुधाच्या कॅलेंडरवर अजून तसे सात आहेत. मी ते उतरवलेलं नाही.

नोंदवही आणि हजेरीपट घेऊन परत प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले, शेजारी शेजारी. लाल रेघेची तारीख काढली. तीच तारीख नोंदवहीत काढली. त्या दिवशी अकरा पुस्तकं चढवलेली. पुढचा महिना काढला, चौदा. त्याच्या पुढचा काढायला लागलो तर प्राचार्यांनी हात वर केला.

"हे छापलं तर सरकारनं बिनपगारी राबवून घेतलं असं होईल. ऑडिटवाले माझ्याकडं खुलासा मागतील."

"राबवून घेतलंच. रेघ मी मारली. माझ्याकडं मागा."

प्राचार्य खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, दुचाक्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, "सर, ब्रेकचं काही लिहीत नाही. नोंदवहीच्या एका पानाचा फोटो घेऊ आणि खाली काकूंचं नाव."

"बघा," प्राचार्य म्हणाले.

गेल्या आठवड्यात मॅडम छापायच्या आधीचं पान घेऊन आल्या. मी चहा केला. पानावर नोंदवहीचा फोटो. खाली तिचं पूर्ण नाव, माझ्या नावासकट. त्याखाली 'ग्रंथालय परिचर'. ज्या पदावर तिला कोणी घेतलं नाही, ते.

चष्मा पुसून परत वाचलं.

"काका, काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा. तपासलं म्हणून खाली सही लागेल तुमची."

फोटोतली तारीख बघितली. लाल रेघेचा, अकरा पुस्तकांचा दिवस होता. मी मॅडमकडं बघितलं. त्या खाली मान घालून चहात बिस्कीट बुडवत होत्या.

"काही चुकलेलं नाही," म्हटलं आणि सही केली.